दगडाची पाठ

परदेशातून फोटो बघून माल निवडणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा स्फटिकाबद्दल नसतो. मागचा काळा दगड अजून किती काढता येईल, असं तो विचारतो. त्याचं फारसं चुकतही नाही. विमानाने जाणाऱ्या खोक्याचं भाडं वजनावर ठरतं आणि बेसाल्ट चांगलाच जड. तीन किलोच्या पीसमध्ये बघण्यासारखा भाग अर्धा किलोचा असेल, तर उरलेल्या अडीच किलोंचं भाडं त्याने का भरावं? शिवाय पीस काचेच्या कपाटात नीट उभा राहायला हवा, तळ सपाट हवा, स्फटिकांच्या मागून ओबडधोबड काही डोकावायला नको. म्हणून माल छाटावा लागतो. धंद्यात त्याला सगळे ट्रिमिंगच म्हणतात.

पुण्याजवळच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये हे काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आलेला माल उघडायचा, धुवायचा, ओळखायचा, छाटायचा, लेबल लिहायचं, कापसात गुंडाळून खोक्यात भरायचा. भूशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी दिवसभर दात घासायच्या ब्रशने दगड घासते, याचं घरी बरंच हसू व्हायचं. मी त्या हसण्यात सामील असायचे. पण काम जसजसं हाताला बसलं, तसं माझं मत गिऱ्हाइकाच्या उलट होत गेलं. पीसचं तोंड त्याची किंमत ठरवतं, मान्य. तो कुठल्या खडकातला, पोकळीत वर होता की खाली, त्याच्या आधी तिथे काय होतं, स्फटिक जागेवरच वाढलाय की कुणी चिकटवलाय, हे सगळं मात्र पाठीकडून कळतं. आणि ती पाठ आम्ही पगार घेऊन कापून टाकतो.

हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचंच उदाहरण घेते, कारण आमच्याकडच्या मालात भाव खाणारा तोच. धंद्यात त्याला नुसतं ‘अपो’ म्हणतात. पांढरा, बिनरंगी अपो पुष्कळ निघतो, हिरवा क्वचित. चांगला हिरवा स्फटिक पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो हमखास काचेचा वाटतो. चौकोनी खांब, वर चार बाजूंचा टोकदार कळस, आणि आत पुदिन्यापासून गडद पाचूपर्यंतची कुठलीतरी हिरवी छटा. क्वार्ट्झच्या खांबाला सहा बाजू असतात, याला चार. तेवढ्यावरही ओळख पटते. पण सगळे स्फटिक टोकदार नसतात. काहींचा कळस वाढतच नाही, वर सपाट चौकोन राहतो, आणि मग तो थेट ठोकळा दिसतो, फक्त कोपरे तिरके कापलेले. अशा वेळी मी स्फटिक दिव्याखाली फिरवून बघते. उभ्या बाजू काचेसारख्या चकाकतात आणि त्यांच्यावर उभ्या बारीक रेषा असतात. वरच्या सपाट बाजूला मात्र मोत्याची मंद झाक असते. एकाच स्फटिकावर दोन तऱ्हांची चकाकी. ती एकदा डोळ्यांत बसली की अपो दुसऱ्या कशाशी घोटाळत नाही.

ती मोत्याची झाक म्हणजे त्याचं दुखणंही आहे. अपोची रचना थराथरांची असते आणि ते थर वरच्या सपाट बाजूला समांतर असतात. फटका बसला की स्फटिक नेमका तिथेच, सुरीने कापल्यासारखा, आडवा सुटतो. कडकपणा साडेचार ते पाच, म्हणजे पोलादी चाकूचा ओरखडा सहज उठतो. त्यामुळे दिसायला रत्न असूनही अंगठीत बसवायच्या कामाचा नाही. कुणी हौसेने पैलू पाडून घेतो, पण तो खडाही पेटीतच राहतो. याची खरी किंमत निसर्गाने दिलेल्या आकाराला आहे. टोकाला नखाएवढा टवका उडाला तरी भाव निम्म्यावर येतो, आणि गिऱ्हाईक तो टवका भिंग लावून शोधतंच.

आमच्याकडे ट्रिमिंगचा हुकमी माणूस म्हणजे मामा. त्यांच्या घरातल्या दोन पिढ्या दगडखाणीवर राबलेल्या. घण, पहार, छिन्नी यांच्यात ते वाढले. छाटणीचं आमचं यंत्र साधं आहे. समोरासमोर दोन पोलादी पाती, मध्ये दगड, आणि हाताने दाब वाढवायचा हायड्रॉलिक पंप. कौशल्य सगळं दगड कुठे धरायचा यात. मामा पीस उलटा करून पाठीवरून अंगठा फिरवायचे, मग तोंडाकडे एकदाच बघायचे. पाती लावून थोडा दाब द्यायचे आणि थांबायचे. पुन्हा थोडा, पुन्हा थांबायचे. मी नवी असताना मला ते थांबणं म्हणजे वेळकाढूपणा वाटायचा. दगडाच्या आत ताण पसरायला वेळ लागतो, घाई केली की तो हवा तिथे न फुटता पोकळीतून फुटतो आणि समोरचे स्फटिक गोळीसारखे उडतात, हे मला पुस्तकाने शिकवलं नव्हतं. “ताई, दगडाला ऐकू येतं, पण उशिरा,” असं मामा म्हणायचे.

मामा अंगठ्याने पाठीवर काय शोधत होते ते मला माझ्या भाषेत कळायला वेळ लागला. ते लाव्हाच्या थरात तो तुकडा कुठला, ते शोधत होते.

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आजही त्याने पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जागा व्यापली आहे, आणि कोयनेच्या परिसरात घेतलेल्या खोल बोअरमध्ये तो नऊशे मीटरहून जाड निघाला. एवढा लाव्हा एकदम आला नाही. थरावर थर आले, मध्ये काही काळ गेला, वरचा पृष्ठभाग वाऱ्यापावसात झिजला, लालसर झाला आणि मग त्यावर पुढचा थर पसरला. घाटात दोन काळ्या थरांमध्ये लाल पट्टा दिसतो तो या मधल्या काळाचा. प्रत्येक थराचंही अंग वेगवेगळं. मधला भाग घट्ट, बारीक कणांचा, एकसंध; खडी करायला उत्तम. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला, कारण वायू वर चढतो आणि साल थंड झालेली असल्याने अडकतो. अनारसा तुपात सोडल्यावर वरच्या बाजूला जाळी पडते आणि तळ मऊ राहतो, तसा हा प्रकार. फरक इतकाच की इथे काही छिद्रं मोहरीएवढी तर काही माणूस वाकून आत जाईल एवढी. विहीर खणणारे लोक या भोकाभोकांच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या, तुलनेने मऊ खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात आणि तो लागला की खूश होतात, कारण त्यात पाणी मुरतं.

स्फटिकांच्या दृष्टीनेही सगळी गोष्ट त्या मुरणाऱ्या पाण्याचीच आहे. पुष्कळांना वाटतं की स्फटिक ज्वालामुखीत, आगीत तयार झाले. आमच्याकडे येणारे शाळेचे गट तर हे ठरवूनच येतात. खरं तर लाव्हाने फक्त रिकामी खोली दिली. नंतर लाव्हाच्या ढिगाऱ्यातून कोमट, कधी उकळत्याच्या आगेमागे तापलेलं पाणी फिरत राहिलं. त्याने बेसाल्टमधली ज्वालामुखी काच आणि फेल्डस्पार कुरतडले. सिलिका, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनियम स्वतःत घेतलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर थोडं थोडं सोडलं. त्यातून अंगात पाणी धरणारी जी खनिजं वाढली, त्यांतल्या बऱ्याच जणांना मिळून झिओलाइट म्हणतात. हे घडलंही एकाच वेळी नाही. अपोमध्ये पोटॅशियम असतं, त्यामुळे त्याचं वय प्रयोगशाळेत काढता येतं. आणि काही ठिकाणचे अपो लाव्हा थंडावल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी बनल्याचं अशा मोजमापांतून पुढे आलं आहे. डोंगर तयार होऊन, झिजायला लागून, वरून नद्या वाहू लागल्यावरही आत अंधारात भिंती सजत होत्या.

आता पीस उलटा करू. सर्वांत मागे बेसाल्ट. तो घट्ट आणि काळा असेल तर पोकळी थराच्या खोल भागातली. लालसर आणि बारीक भोकांचा असेल तर वरच्या सालीजवळची. मामांचा अंगठा हेच विचारत होता, कारण घट्ट दगड सरळ फुटतो आणि भोकांचा दगड भोकाभोकांतून वाकडा जातो. बेसाल्टला लागून पुष्कळदा पातळ हिरवं अस्तर असतं, कधी कागदाइतकं, कधी त्याहून जाड. ही मऊ हिरवी माती, सेलॅडोनाइट. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्या रंगासाठी वापरली ती याच जातीची हिरवी माती. लेणी कोरलेल्या खडकाच्या पोकळ्यांतही हे झिओलाइट दिसतात, भिंतींकडे जरा कमी आणि दगडाकडे जरा जास्त बघितलं तर. अस्तराच्या पुढे बऱ्याचदा ह्यूलँडाइटच्या चपट्या, चमकदार पाकळ्या किंवा स्टिलबाइट. मध्ये आवळलेली आणि दोन्ही टोकांना फुललेली ती फिकट केशरी जुडगी आमच्याकडच्या मालात सगळ्यात जास्त. त्यावर अपो बसलेला. कधी अपोच्याही वर कॅल्साइट, आणि कधी या सगळ्यावर पांढऱ्या बारीक स्फटिकांची पखरण, तीही फक्त एका अंगाला. ती पखरण बघून मला पीसची बाजू कळते. पाण्यातून खाली बसणारी गोष्ट वरच्या अंगावरच बसते. तेव्हा पखरण असलेली बाजू पोकळीत आकाशाकडे होती. गिऱ्हाईक मात्र ती पखरण धूळ समजतं आणि धुवून टाकायला सांगतं.

थोडक्यात, मागून पुढे वाचलं की जुन्याकडून नव्याकडे येता येतं. पाठ कापली की सुरुवातीची पानं गेली.

रंगाचंही तसंच काहीसं. हिरवा अपो हिरवा का, याचं उत्तर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज रॉसमन यांनी पुण्याकडच्याच स्फटिकांवर प्रकाशाचे प्रयोग करून दिलं: व्हॅनेडियम. लोखंड नव्हे, क्रोमियम नव्हे. हे व्हॅनेडियम थोड्या प्रमाणात बेसाल्टमध्येच असतं. पाण्याने ते कुठे सोडवलं, कुठे नाही, यावर हिरवा अपो कुठे मिळेल ते अवलंबून. एकाच खाणीत एक पोकळी हिरवी आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी पूर्ण बिनरंगी, असं आम्ही कितीदा बघितलंय. मागचा दगड तपासायला ठेवला असता तर यावर कुणी विद्यार्थी काही शोधू शकला असता. पण हिरवा पीस महाग, म्हणून त्याचीच पाठ सगळ्यात आधी आणि सगळ्यात काळजीपूर्वक कापली जाते.

अपोच्या वजनात सुमारे सोळा टक्के पाणी असतं, हे मी नव्याने आलेल्या पोरांना आवर्जून सांगते. डोळ्यांनी दिसत नाही, हाताला लागत नाही, पण रचनेत बसलेलं असतं. म्हणूनच तापवला तर तो पांढरा पडतो, पापुद्रे सुटतात. पीस लवकर वाळावा म्हणून हेअर ड्रायर धरायची कल्पना दर नव्या पोराला सुचते. लॉमोन्टाइट या झिओलाइटची तऱ्हा याहून वाईट. तो खाणीतून निघाल्यावर नुसत्या कोरड्या हवेतच पाणी सोडतो आणि हळूहळू पिठासारखा होतो. संध्याकाळी टेबलावर ठेवलेला देखणा पीस काही आठवड्यांनी चिमटीत चुरतो. काहीजण त्याला पातळ गोंद पाजून टिकवतात. झिओलाइटच्या अंगातल्या, पाणी धरणाऱ्या सूक्ष्म खोल्यांचा उपयोग मात्र मोठा आहे: कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये कारखान्यात बनवलेला झिओलाइटच हवेतला नायट्रोजन धरून ठेवत होता. त्या वर्षी आमचं काम बंद होतं आणि ही माहिती मी सोसायटीत इतक्यांना ऐकवली की लोक मला टाळायला लागले.

धुण्याचंही शास्त्र आहे आणि त्यात धीर मुख्य. क्वार्ट्झवरचे लोखंडी डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड चालतं. इथे तसलं काही लावायचं नाही. मिठाच्या अ‍ॅसिडने कॅल्साइट फसफसून जातो आणि बरेच झिओलाइट चिकट लगद्यासारखे होतात. म्हणून पाणी, मऊ ब्रश, बांबूची टोकदार काडी, आणि चिखल सुटेपर्यंत भिजत ठेवणं. सुयांसारख्या स्कोलेसाइटला ब्रशही नको. ओकेनाइटच्या पांढऱ्या केसाळ गोळ्यांना तर पाण्याचा थेंबही नको. केस एकदा चिकटले की पुन्हा उभे राहत नाहीत.

माल येतो कुठून, याचं उत्तर बाजारात कुणी सरळ देत नाही. ढोबळमानाने दोन वाटा आहेत: दगडखाण आणि विहीर. खाणीत होल मारून सुरुंग उडवला की दर्शनी भिंतीत कधी पॉकेट, म्हणजे स्फटिकांची पोकळी, उघडं पडतं. खाणमालकाला त्याचं कौतुक नसतं. त्याला क्रशरला घट्ट दगड हवा आणि झिओलाइटवाला दगड खडीला कच्चा. खाणीवर राबणाऱ्या वडार कुटुंबांना मात्र नजर असते. दुपारच्या सुट्टीत, कधी रात्री, पहारीने आणि हाताने पॉकेट मोकळं केलं जातं, जुन्या वर्तमानपत्रांत आणि गोणपाटात गुंडाळून माल बाहेर येतो. विहिरीचं तसंच. नगर जिल्ह्यात राहुरीजवळच्या मोमीन आखाडा गावात या शतकाच्या सुरुवातीला विहिरी खणताना हिरव्या अपोचे गोल, चोहोबाजूंनी टोकं फुटलेले गुच्छ निघाले. बाजाराने त्यांना ‘डिस्को’ नाव दिलं आणि ते जगभर गेले. यारीच्या बादलीतून वर येणाऱ्या राडारोड्यात ते होते. पाणी लागण्याआधी हे लागलं. ज्याने खाली उतरून ते काढलं त्याला मिळालेली रक्कम आणि अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या फेब्रुवारीच्या मोठ्या प्रदर्शनात त्याच मालावर लागलेली किंमत, या दोन्ही आकड्यांमध्ये माझा पगारही येतो, म्हणून मी यावर फार नैतिक बोलत नाही. पण ती दरी मला दिसते आणि ती वाजवी नाही.

ठिकाण लपवण्याची सवय या दरीतूनच येते. एका व्यापाऱ्याने कुठली खाण ते सांगितलं की दुसरा उद्या तिथे हजर. म्हणून लेबलवर ‘पुणे’, फार तर ‘जळगाव’ किंवा ‘नाशिक’ लिहून मोकळं व्हायचं, असा रिवाज. तो आजचा नाही. बोरघाटातून रेल्वे नेण्याचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाटातून धावली. बोगदे आणि खोदकामांतून निघालेले झिओलाइट त्या काळात इंग्लंडच्या संग्रहांत पोचले. युरोपातल्या जुन्या संग्रहालयांतल्या लेबलांवर नुसतं ‘पूना’ दिसतं. पूना म्हणजे अर्धं दख्खन. मुंबईच्या आर. एन. सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कुठल्या पट्ट्यात कोणते झिओलाइट येतात याचा आढावा छापला. किनाऱ्याकडे लॉमोन्टाइट जास्त, वर पठारावर ह्यूलँडाइट आणि स्टिलबाइट, असं काहीतरी चित्र त्यातून उभं राहतं. लेबलं गोलमाल असतील तर असं चित्र पुढे कुणी काढायचं? पाठीचा दगड शिल्लक असेल तर लेबल खोटं असूनही थोडंफार पकडता येतं. मुंबईकडच्या खाणींतले प्रेहनाइटचे बोटांसारखे पोकळ तुकडे माझ्या टेबलावर एकदा ‘जळगाव’ म्हणून आले होते. त्या पोकळीत आधी लॉमोन्टाइटचे लांब स्फटिक होते, त्यांच्यावर प्रेहनाइट चढला, मग आतला लॉमोन्टाइट निघून गेला आणि साचा राहिला. मालाड-कांदिवलीच्या बंद पडलेल्या खाणींची ही ओळखच. मी मूळ मालकाला तसं सांगितलं. त्याने लेबल बदललं नाही, किंमत वाढवली.

पाठीचा सर्वांत रोकडा उपयोग बनावट पकडायला होतो आणि इथे कॅव्हन्साइटची गोष्ट सांगायलाच हवी. गर्द निळ्या रंगाचं, कॅल्शियम आणि व्हॅनेडियम असलेलं हे खनिज आधी अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलं, १९७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिथले स्फटिक अगदी लहान. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीच्या खाणींत ते निघालं आणि असं निघालं की जगात कुठेही कॅव्हन्साइट म्हटलं की लोक वाघोली म्हणतात. व्हॅनेडियमचाच खेळ पुन्हा; इकडे हिरवा, तिकडे निळा. वाघोलीत ते तुकडे-तुकडे सांधलेल्या, ठिसूळ खडकात येतं. पांढऱ्या स्टिलबाइटवर नीट मधोमध बसलेला निळा गुच्छ फार देखणा आणि फार महाग. त्यामुळे सुटे गुच्छ गोंदाने स्टिलबाइटवर बसवायचा उद्योग लगेच सुरू झाला. समोरून ओळखणं कठीण; सांध्यावर खनिजाची पूडही भुरभुरतात. मी भिंग घेते आणि पीस उलटा करते. मागे वाघोलीचा खडक असेल तर बोलणं पुढे. मागे दुसऱ्याच जातीचा घट्ट बेसाल्ट असेल, किंवा पाठ मुद्दाम करवतीने चकचकीत कापून टाकलेली असेल, तर मी पीस बाजूला ठेवते. निळ्या-गुलाबी रंगात बुडवलेल्या ओकेनाइटची तर पाठही रंगलेली असते, त्याला भिंग लागत नाही.

आता वाघोलीभोवती इमारती उभ्या राहिल्यात. ज्या खाणींतून तो निळा माल आला त्या परिसरात फ्लॅटच्या जाहिरातींचे फलक आहेत, आणि पुण्याभोवतीच्या किती बंद खाणींत शहराचा राडारोडा पडतोय ते कुणीही जाऊन बघावं. पाषाणच्या टेकडीवरून गडद हिरवा अपो निघायचा हे सांगितलं तर तिथे राहणाऱ्यांना खरं वाटत नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एका जागी बरंच काही बघायला मिळतं, ते बघावंच. मात्र तिथेही, कुठल्याही संग्रहालयात असतं तसंच, तोंड समोर आणि पाठ भिंतीकडे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी काही वर्षांपूर्वी एक पद्धत सुरू केली. मोठा पीस छाटायच्या आधी त्याच्या पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा. छाटल्यावर निघालेल्या तुकड्यांतला एक, ज्यात बेसाल्ट, हिरवं अस्तर आणि पहिला झिओलाइट असे तिन्ही आहेत, तो निवडून त्यावर पीसचाच नंबर टाकायचा आणि डब्यात ठेवायचा. माल आणणारा ठिकाण सांगत नसेल तर निदान कुणाकडून, कुठल्या महिन्यात आला एवढं वहीत. एकदा दोन वेगवेगळ्या खोक्यांत, वेगवेगळ्या ठिकाणांच्या नावाने आलेल्या पीसचे तुकडे मी शेजारी ठेवले तर अस्तराची जाडी, त्यातला तपकिरी पट्टा, दगडातली भोकं सगळं जुळलं, आणि एका कडेला तर दोन तुकडे एकमेकांत बसले. एकाच पॉकेटचा माल दोन जिल्ह्यांचा म्हणून विकायला निघाला होता. खोकी निघण्याआधी आम्ही दोन्ही लेबलं कोरी ठेवली. मालकाला ते आवडलं नाही, पण ते तुकडे त्याने स्वतःच्या हाताने जुळवून पाहिले होते.

मामांना ही पद्धत अजून पटलेली नाही. त्यांचं म्हणणं असं की डब्यांनी मांडणी भरत आलीये, उद्या मांडणी वाकेल, आणि या तुकड्यांना विचारतं कोण? विचारणारे थोडे आहेत हे खरं. जर्मनीतला एक संग्राहक छाटणीआधीचे फोटो मागवतो आणि पाठ ठेवलेला पीस असेल तर वजनाचं भाडं बिनतक्रार भरतो. भूशास्त्राचे एक-दोन विद्यार्थी परवानगीने तुकडे घेऊन गेले. यावर मामा म्हणतात, “घेऊन गेले ना? मग परत आणतील. ताई, तुम्ही त्यांना सांगा, आणताना डबा पण घेऊन या.”